दूरसंचार क्षेत्रातील तांत्रिक मुलाखत : मूलभूत संकल्पना आणि शिकाऊ उमेदवारी योजना (राजाजीनगर, बंगळुरू)

आयटीआय, पदविका किंवा पदवी पूर्ण करून दूरसंचार क्षेत्रात पहिली नोकरी अथवा शिकाऊ उमेदवारी शोधणाऱ्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी ही माहिती आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून बंगळुरूला येऊन राजाजीनगर परिसरात राहणाऱ्या उमेदवारांना ती विशेष उपयोगी पडेल. पहिल्या भागात संबंधित योजना, दुसऱ्या भागात मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या मूलभूत संकल्पना आणि शेवटी करार व फसवणुकीबाबतची खबरदारी दिली आहे.

राजाजीनगर आणि परिसर : संधी कोठे आहेत?

सी. राजगोपालाचारी (राजाजी) यांचे नाव दिलेल्या या वस्तीला लागूनच राजाजीनगर औद्योगिक वसाहत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे बंगळुरूतील विकास कार्यालय आणि कर्नाटक शासनाचे टूल रूम व प्रशिक्षण केंद्र (जीटीटीसी) याच वसाहतीत आहे. लहान कारखान्यांची चौकशी करण्यासाठी हा परिसर पायी फिरता येतो.

मेट्रोच्या हिरव्या मार्गावर राजाजीनगर स्थानक आहे. याच मार्गाने यशवंतपूर, पीण्या आणि जालहळ्ळी येथे थेट जाता येते. जालहळ्ळी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड (बीईएल) ही सार्वजनिक कंपनी आहे. मॅजेस्टिकला गाडी बदलून जांभळ्या मार्गाने के. आर. पुरमकडे गेल्यास दूरवाणीनगर लागते. ‘दूरवाणी’ म्हणजे कन्नडमध्ये दूरध्वनी. १९४८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या कंपनीवरून या वस्तीला हे नाव मिळाले. शासनाची दूरसंचार संशोधन संस्था सी-डॉट (स्थापना १९८४) हिचे बंगळुरू केंद्र इलेक्ट्रॉनिक्स सिटीत आहे.

लक्षात ठेवा : बंगळुरूमध्ये ‘आयटीआय’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि दुसरा म्हणजे दूरवाणीनगरची कंपनी. जाहिरातीत ‘आयटीआय उमेदवार’ असे लिहिले असेल तर ती अट शिक्षणाची आहे. ‘आयटीआय लिमिटेडमध्ये’ असे लिहिले असेल तर ते कंपनीचे नाव आहे. अर्ज करण्यापूर्वी जाहिरात पूर्ण वाचा.

संबंधित योजना

१. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना (नॅप्स)

ही योजना ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ अंतर्गत उमेदवार आणि आस्थापना यांच्यात करार होतो. विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये इतका वाटा केंद्र शासन देते. ऑगस्ट २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा केला जातो. उरलेली रक्कम आस्थापना देते. त्यामुळे तुमच्या खात्यात दोन वेगवेगळ्या रकमा जमा होतील. एकच रक्कम दिसली म्हणून विद्यावेतन कापले असे लगेच समजू नका. आधी शासनाचा वाटा जमा झाला आहे का ते तपासा.

२. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना (नॅट्स)

ही योजना प्रामुख्याने पदवी व पदविकाधारकांसाठी असून शिक्षण मंत्रालयामार्फत राबवली जाते. कर्नाटकातील आस्थापनांचे काम चेन्नई येथील दक्षिण विभागीय मंडळाकडे, तर महाराष्ट्र व गोव्याचे काम मुंबई येथील पश्चिम विभागीय मंडळाकडे आहे. पदविका महाराष्ट्रातील असली तरी शिकाऊ उमेदवारी बंगळुरूच्या कंपनीत असेल, तर कंपनीच्या बाजूने दक्षिण मंडळाशी संबंध येतो.

३. भारतनेट

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचवण्याच्या या कार्यक्रमाला २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजुरी मिळाली होती. सुधारित कार्यक्रमासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांना मंजुरी देण्यात आली. फायबर टाकणे, जोडणे, तपासणे आणि देखभाल करणे ही कामे यातून निघतात. म्हणूनच तंत्रज्ञ पदाच्या मुलाखतीत फायबरवर जास्त प्रश्न येतात.

४. पीएम-वाणी

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या व्यवस्थेत किराणा दुकान, चहाची टपरी किंवा सायबर कॅफे चालवणारी व्यक्ती सार्वजनिक वाय-फाय केंद्र (पीडीओ) सुरू करू शकते. त्यासाठी परवाना किंवा परवाना शुल्क लागत नाही. नोकरीसोबत किंवा नोकरीऐवजी स्वतःचे काम करू इच्छिणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मुलाखतीची तयारी : आठ मूलभूत संकल्पना

प्रवेश पातळीच्या मुलाखतीत पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा ‘याचा कामात उपयोग काय?’ हे विचारले जाते. म्हणून प्रत्येक संकल्पनेसोबत एक आकडा आणि एक प्रत्यक्ष उदाहरण तयार ठेवा.

१) अ‍ॅनालॉग आणि डिजिटल

आवाज सतत बदलणारा, म्हणजे अ‍ॅनालॉग असतो. तो डिजिटल करण्यासाठी ठरावीक अंतराने त्याचे नमुने घेतात. टेलिफोनमध्ये आवाजाची ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतकी वारंवारता वापरली जाते. नमुने सर्वोच्च वारंवारतेच्या किमान दुप्पट वेगाने घ्यावे लागतात, हा नायक्विस्टचा नियम आहे. ३,४०० ची दुप्पट ६,८००. प्रत्यक्षात सेकंदाला ८,००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो.

८,००० × ८ = ६४,००० बिट, म्हणजे ६४ किलोबिट प्रतिसेकंद. हा एका आवाजाच्या वाहिनीचा वेग झाला. अशा ३२ वाहिन्या एकत्र केल्या की २.०४८ मेगाबिटची ‘ई-१’ जोडणी होते. तिच्यातील ३० वाहिन्या आवाजासाठी, एक वेळ जुळवण्यासाठी आणि एक सिग्नलिंगसाठी असते. ‘ई-१ मध्ये ३२ वाहिन्या असताना आवाजासाठी ३० च का?’ हा जुना आणि आजही विचारला जाणारा प्रश्न आहे.

२) वारंवारता, तरंगलांबी आणि बँडविड्थ

तरंगलांबी म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर आणि ३.५ गिगाहर्ट्झची सुमारे ८.६ सेंटिमीटर असते. वारंवारता वाढली की सिग्नलची पोहोच कमी होते आणि भिंतीतून आत शिरण्याची क्षमताही घटते. म्हणून ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दूरवरच्या व इमारतींच्या आतील व्याप्तीसाठी, तर ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचा पट्टा जास्त क्षमतेसाठी उपयोगी ठरतो. भारतात ५-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांचा त्यात समावेश आहे.

३) बँडविड्थ आणि लेटन्सी यांतील फरक

राजाजीनगरहून मॅजेस्टिकला जाणाऱ्या मेट्रोला तीनऐवजी सहा डबे लावले, तर एका फेरीत जास्त माणसे जातील. पण मॅजेस्टिकला पोहोचायला लागणारा वेळ तेवढाच राहील. डब्यांची संख्या म्हणजे बँडविड्थ, प्रवासाचा वेळ म्हणजे लेटन्सी. ‘ग्राहकाकडे १०० मेगाबिटचे कनेक्शन आहे, तरी व्हिडिओ कॉल अडकतो, का?’ असे विचारल्यास लेटन्सी, तिच्यातील चढउतार आणि गहाळ होणारी पॅकेट या तिन्हींचा उल्लेख करा. त्यानंतर पिंग चाचणी कशी कराल ते सांगा.

४) मॉड्युलेशन

माहिती वाहून नेण्यासाठी वाहक लहरीची उंची, वारंवारता किंवा कला बदलली जाते. डिजिटल पद्धतींत एका चिन्हात किती बिट बसतात हे महत्त्वाचे आहे : क्यूपीएसकेमध्ये २, १६-क्यूएएममध्ये ४, ६४-क्यूएएममध्ये ६ आणि २५६-क्यूएएममध्ये ८. सिग्नल स्वच्छ असेल तेव्हा जास्त बिटांची पद्धत चालते. सिग्नल कमकुवत झाला की नेटवर्क आपोआप कमी बिटांच्या पद्धतीवर येते, त्यामुळे वेग कमी होतो पण जोडणी टिकते. टॉवरपासून दूर गेल्यावर इंटरनेट मंदावण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

५) डेसिबल आणि डीबीएम

या प्रश्नावर अनेक उमेदवार अडखळतात. डेसिबल (डीबी) हे दोन शक्तींचे गुणोत्तर आहे, तर डीबीएम ही एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली प्रत्यक्ष शक्ती आहे.

• ० डीबीएम = १ मिलिवॅट
• ३० डीबीएम = १ वॅट
• ४३ डीबीएम = सुमारे २० वॅट
• ३ डीबी कमी झाले = शक्ती सुमारे निम्मी झाली
• १० डीबी कमी झाले = शक्ती एक दशांश झाली

फोनवर एका ठिकाणी उणे ७० आणि दुसऱ्या ठिकाणी उणे १०० डीबीएम दिसले, तर फरक ३० डीबीचा आहे. म्हणजे दुसऱ्या ठिकाणी शक्ती हजारपट कमी आहे. डीबीएममधून डीबी वजा करता येतात. मात्र दोन डीबीएम आकड्यांची थेट बेरीज करून एकूण शक्ती निघत नाही.

६) ऑप्टिकल फायबर आणि लिंक बजेट

सिंगल मोड फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा आणि बाहेरील आवरण १२५ मायक्रॉनचे असते. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा जास्त असल्याने प्रकाश आतच परावर्तित होत पुढे जातो. प्रकाशाची शक्ती वाटेत किती घटते ते जोडणीपूर्वी मोजणे म्हणजे लिंक बजेट. घरापर्यंत फायबर नेणाऱ्या जीपॉन पद्धतीचे एक उदाहरण सोडवून पाहा :

• केंद्राकडून निघणारी शक्ती : +३ डीबीएम
• १० किलोमीटर फायबर, प्रतिकिलोमीटर ०.३५ डीबी : ३.५ डीबी
• १ : ३२ स्प्लिटर : सुमारे १७ डीबी
• ४ स्प्लाइस, प्रत्येकी ०.१ डीबी : ०.४ डीबी
• २ कनेक्टर, प्रत्येकी ०.५ डीबी : १ डीबी
• एकूण घट : २१.९ डीबी

ग्राहकाकडे पोहोचणारी शक्ती +३ वजा २१.९, म्हणजे उणे १८.९ डीबीएम. ग्राहकाकडील यंत्र उणे २७ डीबीएमपर्यंत काम करत असेल, तर ८.१ डीबी शिल्लक राहतात. ही शिल्लक पुढील दुरुस्त्या, वाकलेली केबल आणि धूळ यांसाठी लागते. ०.३५ हा आकडा १३१० नॅनोमीटरसाठी धरला आहे. १४९० आणि १५५० नॅनोमीटरला घट याहून कमी असते, म्हणून हे गणित सुरक्षित बाजूचे आहे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘प्रत्यक्षात उणे २९ दाखवले तर काय कराल?’ उत्तर क्रमाने द्या. आधी कनेक्टर स्वच्छ करून पुन्हा मोजेन. मग केबल कोठे जास्त वाकली आहे का ते पाहीन. त्यानंतर ओटीडीआर लावून किती अंतरावर घट होते ते शोधेन आणि खराब स्प्लाइस पुन्हा करेन. तसेच हिरवा कनेक्टर (टोक ८ अंश तिरके घासलेले) निळ्या कनेक्टरला जोडू नये, हेही सांगा.

बारा फायबरचा रंगक्रम पाठ असू द्या : निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी.

७) मोबाइल नेटवर्क

सेवाक्षेत्राचे लहान भाग म्हणजे सेल. चालू कॉल एका सेलमधून दुसऱ्यात जाणे म्हणजे हँडओव्हर. फोनकडून टॉवरकडे जाणारी दिशा अपलिंक आणि टॉवरकडून फोनकडे येणारी दिशा डाउनलिंक. दोन्ही दिशांना वेगळ्या वारंवारता दिल्या तर एफडीडी. एकच वारंवारता आळीपाळीने वापरली तर टीडीडी. २-जी जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झच्या एका वाहिनीचे ८ कालखंड पाडतात. ४-जीमध्ये डाउनलिंकसाठी १५ किलोहर्ट्झ अंतरावरील अनेक उपवाहक वापरतात. असे १२ उपवाहक मिळून १८० किलोहर्ट्झचा एक रिसोर्स ब्लॉक होतो आणि २० मेगाहर्ट्झमध्ये असे १०० ब्लॉक बसतात.

आयएमईआय हा हँडसेटचा १५ अंकी क्रमांक आहे, तर आयएमएसआय सिमकार्डातील ग्राहकाची ओळख आहे. चोरीला गेलेला फोन बंद करण्यासाठी संचार साथी पोर्टलवर आयएमईआयचा उपयोग होतो, हे उदाहरण मुलाखतीत देता येईल.

८) आयपी नेटवर्क आणि टॉवरवरील वीज

ओएसआय प्रतिमानाचे सात थर क्रमाने सांगता आले पाहिजेत : फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, अ‍ॅप्लिकेशन. मॅक पत्ता ४८ बिटांचा, आयपीव्ही-४ पत्ता ३२ बिटांचा आणि आयपीव्ही-६ पत्ता १२८ बिटांचा असतो. /२४ जाळ्यात २५६ पत्ते असतात. त्यांतील जाळ्याचा आणि ब्रॉडकास्टचा पत्ता वगळता २५४ यंत्रे जोडता येतात. टीसीपी पोहोच खात्रीने करते, यूडीपी पोहोच न तपासता पटकन पाठवते.

दूरसंचार उपकरणे सहसा उणे ४८ व्होल्ट एकदिश विजेवर चालतात. बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. त्यामुळे ओलाव्यात तांब्याच्या तारांची विद्युत-रासायनिक झीज कमी होते. ‘व्होल्टेज उणे का?’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

सुरक्षेचे प्रश्न

• फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. त्यातील अवरक्त प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. शक्ती पॉवर मीटरनेच मोजा.
• फायबरचे तुकडे कातडीत शिरतात. ते बंद डबीत जमा करा. कामाच्या जागी खाऊ नका.
• प्रशिक्षण, हार्नेस, हेल्मेट आणि सोबतीला माणूस यांशिवाय टॉवरवर चढू नका. वादळी हवामानात चढणे टाळा.

‘सुपरवायझरने हार्नेसशिवाय चढायला सांगितले तर?’ असे विचारल्यास ‘चढणार नाही, कारण लेखी कळवेन’ असे स्पष्ट सांगा. या उत्तरामुळे नाराज होणारी जागा तुमच्यासाठी योग्य नाही.

मुलाखत कोणत्या भाषेत होते?

बंगळुरूमध्ये साधारणपणे इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्ये प्रश्न विचारले जातात. संकल्पना आधी मराठीत समजून घ्या, मग तांत्रिक संज्ञा इंग्रजीत म्हणण्याचा सराव करा. वाक्य लहान ठेवा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करा. उत्तर येत नसेल तर अंदाजाने आकडे सांगू नका. त्याऐवजी ती गोष्ट कोणत्या उपकरणाने तपासाल ते सांगा.

करारावर सही करण्यापूर्वी

१. तुम्हाला नोकरी मिळत आहे की शिकाऊ उमेदवारी, हे लेखी विचारा. कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवाराला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होत नाही. राजाजीनगरमध्ये ईएसआयसीचे मोठे रुग्णालय असले, तरी केवळ शिकाऊ उमेदवारीच्या आधारे तेथील विमाधारकाचे लाभ मिळणार नाहीत. मात्र कामाच्या जागी सुरक्षितता आणि आरोग्याची जबाबदारी आस्थापनेचीच असते.
२. प्रशिक्षणाचा कालावधी, विद्यावेतन आणि कामाची जागा करारात लिहिली आहे का ते पाहा.
३. करार पोर्टलवर नोंदवला आहे का ते विचारा. नोंद नसेल तर शासनाचा वाटा आणि मान्य प्रमाणपत्र दोन्ही अडकतात.
४. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणे आस्थापनेवर बंधनकारक नाही. मात्र भरतीबाबत स्वतःचे धोरण ठरवणे तिला आवश्यक आहे. ते धोरण काय आहे हे मुलाखतीतच विचारा.
५. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ मनुष्यबळ असलेल्यांना ऐच्छिक आहे. त्यामुळे राजाजीनगर वसाहतीतील लहान कारखान्यातही विचारणा करता येते.

आवश्यक कागदपत्रे

• आधार कार्ड आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक
• आधारशी जोडलेले, स्वतःच्या नावाचे बँक खाते
• शैक्षणिक गुणपत्रके व प्रमाणपत्रे
• छायाचित्र आणि ई-मेल
• नाव सर्व कागदांवर सारखे असल्याची खात्री. मराठी कागदांवर वडिलांचे नाव व आडनाव असते, तर कर्नाटकातील अनेक कागदांवर आद्याक्षरे असतात. फरक असल्यास अर्जापूर्वी दुरुस्ती करून घ्या.

फसवणुकीपासून सावध राहा

नॅप्स आणि नॅट्स पोर्टलवरील उमेदवार नोंदणी विनामूल्य आहे. मुलाखत, ‘सुरक्षा ठेव’, गणवेश किंवा प्रशिक्षण साहित्य यांच्या नावाखाली कोणी आगाऊ पैसे मागितल्यास देऊ नका. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका. छायांकित प्रत द्या. मोबाइल टॉवर बसवण्यासाठी दूरसंचार विभाग किंवा ट्राय यांचे ‘ना हरकत पत्र’ दाखवून पैसे मागणारेही भेटतात. अशी पत्रे या संस्था देत नाहीत.

संशयास्पद कॉल किंवा संदेश आल्यास संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत कळवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.